एडिनबराच्या लॉर्ड प्रोव्होस्टना (म्हणजे महापौरांना) खुलं पत्र: टॅक्स घ्या, पण आमच्या पैशातून जिन्यातल्या माणसांचंही बघा

मा. लॉर्ड प्रोव्होस्ट आणि कौन्सिलर मंडळी,

सप्रेम नमस्कार. आईला घेऊन तुमचं शहर बघून आले. आधी कौतुक करते, कारण खरंच आवडलं. किल्ल्यापासून होलीरूड पॅलेसपर्यंत उतरत जाणारा तो रॉयल माइल, त्याच्या दोन्ही अंगाला अरुंद बोळ, तुम्ही ज्यांना क्लोज म्हणता, एकात शिरलं की पायऱ्या उतरून भलत्याच रस्त्याला लागतो आपण. दुपारी 1 वाजता किल्ल्यावरून तोफ उडाली तेव्हा आई जाम दचकली, बसस्टॉपवरची लोकल मंडळी मात्र ढिम्म, 1861 पासून रविवार सोडून रोज ऐकतायत म्हटल्यावर काय! आणि नॅशनल म्युझियम चक्क फुकट, तिथली टॉयलेट्स पण स्वच्छ (आईचं गुडघ्याचं आणि बाथरूमचं गणित सांभाळत फिरणाऱ्यांनाच याची किंमत कळेल, रस्त्यावर अशी सोय अजून वाढवा).

आता मुद्द्यावर येते. 24 जुलै 2026 पासूनच्या मुक्कामावर तुम्ही 5 टक्के व्हिजिटर लेव्ही, म्हणजे टुरिस्ट टॅक्स, लावलीत, जास्तीत जास्त सलग 5 रात्रींपर्यंत. यावर आमच्या ग्रुपवर बरीच बोंबाबोंब झाली, व्हिसाची फी, विमानाचं तिकीट, आता हे पण. मला काही वाटलं नाही. माथेरानला दस्तुरी नाक्यावर पावती फाडून आत जाणारी माणसं आम्ही, टुरिस्टकडून टॅक्स घेणं आम्हाला नवीन नाही. फक्त पावतीचे पैसे जातात कुठे हा प्रश्न तिथेही विचारतो आणि तुम्हालाही विचारतेय.

कारण आम्ही उतरलो होतो ओल्ड टाऊनमधल्या एका टेनमेंटमध्ये, म्हणजे एका जिन्यावर बरेच फ्लॅट असलेल्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गोल दगडी जिना, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. खाली दाराशेजारी लोखंडी रेलिंगला नंबर फिरवून उघडायचे किल्लीचे डबे एकाला एक लटकलेले, प्रत्येक डबा म्हणजे एक भाड्याचा फ्लॅट. जिन्यात हाताने लिहिलेला कागद, की बॅगा ओढू नका, उचला, इथे माणसं राहतात. खालच्या मजल्यावरच्या आजी आईशी बोलायला थांबल्या, म्हणाल्या पूर्वी जिना धुवायची पाळी लागायची, या आठवड्यात हे घर पुढच्या आठवड्यात ते, आता पाळी लावायची कोणाबरोबर, वरचे सगळे तीन रात्रींचे पाहुणे. आई त्यांना मराठीतच "हो ना हो" म्हणत होती आणि त्यांचं दोघींचं छान चाललं होतं.

तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. 2022 मध्ये अख्खं शहर शॉर्ट-टर्म लेट कंट्रोल एरिया केलंत (म्हणजे फ्लॅट असा टुरिस्टना भाड्याने द्यायचा तर परवानगीचं बंधन), 2023 च्या नोव्हेंबरमध्ये हाउसिंग इमर्जन्सी जाहीर केलीत, लेव्हीतला काही भाग घरांसाठी ठेवलाय हेही वाचलं. पण माझं म्हणणं, तो भाग वाढवा आणि दाखवा. हॉटेलच्या बिलावर नुसतं "लेव्ही" न छापता खाली एक ओळ टाका की यातले इतके घरांना, इतके सफाईला. जाहिरातीवर मात्र एक पेनी घालवू नका प्लीज, ऑगस्टमध्ये एडिनबराला या म्हणून सांगायची गरज कोणाला आहे? 1947 मध्ये आठ नाटक कंपन्या न बोलावता आल्या आणि त्यातून फ्रिंज हा तुमचा ऑगस्टमधला नाटकांचा महोत्सव उभा राहिला, तेव्हापासून लोक येतच आहेत, आता तर त्या महिन्यातले खोलीचे भाव बघून आम्ही सरळ मे महिना पकडला.

आणि पैसे मध्येच संपू देऊ नका. कॅल्टन हिलवर ते नॅशनल मॉन्युमेंट बघितलं, 1826 ला सुरू, 1829 ला निधी आटला आणि 12 खांबांवर काम थांबलं ते थांबलंच. फोटो झकास येतात तिथे, पण घरांच्या स्कीमचं तसं झालं तर कोणी फोटो काढायला येणार नाही.

आमच्याकडची बरीच पोरं तुमच्या युनिव्हर्सिटीत शिकायला येतात, मैत्रिणीची मुलगी त्यातलीच, ॲडमिशन पटकन मिळाली आणि खोली शोधताना रडकुंडीला आली. तिला आणि त्या आजींना एकाच जिन्यात राहता येईल एवढं जरी या 5 टक्क्यांतून झालं तरी पुढच्या वेळी सहाव्या रात्रीचेही घ्या, मी देईन.

आपली,
पुण्याची एक टुरिस्ट