आठवी-नववीच्या मुलांनी वाचायचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मुलाला कुठलं पुस्तक देऊ?’ असं आठवी-नववीच्या पालकांनी विचारलं की माझी, एका मराठीच्या शिक्षिकेची, पंचाईत होते. लहानांसाठी गोष्टी भरपूर आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय. त्यापुढे मात्र एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधल्या वयाची मुलं शाळेत रोज जे भोगतात, त्यावर मराठीत फार थोडं लिहिलं जातं.

पन्हाळ्याच्या बाजूने एसटीनं येणाऱ्या एका मुलाचा डबा मधल्या सुट्टीत रोज पळवला जायचा. ‘आज पण भाकरी-खर्डाच काय रं?’ म्हणत पोरं तो डबा बाकाबाकांवरून फिरवायची आणि अख्खा वर्ग हसायचा. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पोरगं तक्रार तरी कशाची करणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलांच्या मानसिक छळाला मनाई आहे, पण हसण्याचा पंचनामा कोण करणार? आता तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपशिवाय एकाला वगळून काढलेला दुसरा ग्रुपही असतो.

एका ऑफ तासाला मी अशाच छळाची एक कथा वाचून दाखवली. तिच्यात शेवटी गुरुजी येऊन सगळं मिटवत नाहीत. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग एका मुलीनं विचारलं, “बाई, जी नुसती हसत होती, त्यांना नंतर काय वाटलं?” माझ्या कुठल्याही उपदेशानंतर असा प्रश्न आला नव्हता. छळणारे दोघं-तिघं असतात, सोसणारा एखादाच. बाकी सगळा वर्ग हसणाऱ्यांचा आणि मान खाली घालणाऱ्यांचा. त्यांच्या मनात शिरायला कादंबरीच हवी.

‘यात शिव्या आहेत, नको त्या वयातलं प्रेम आहे’ म्हणून काही पालक पुस्तक परत पाठवतात. मला हे अजिबात पटत नाही. मुलं हे सगळं ऐकतातच; पुस्तकामुळे निदान घरात त्यावर बोलणं तरी होईल.

1850 पासून करवीर नगर वाचन मंदिर चालवणाऱ्या या शहरात किशोरवयीन मुलांसाठी प्रत्येक ग्रंथालयात वेगळं कपाट असायला काय हरकत आहे? लेखकांनीही शाळेत यावं, मागच्या बाकावर बसावं, मधली सुट्टी बघावी. आणि वाचकांना अशी मराठी पुस्तकं ठाऊक असतील, तर त्यांनी याच सदरातून नावं जरूर कळवावीत. वर्गात मोठ्यानं वाचायला मला ती हवी आहेत.

– एक माध्यमिक शिक्षिका, कोल्हापूर