पाळणाघरात ‘शिकवायला’ येणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की नाशिकच्या पाळणाघरांत क्रेट येऊ लागतात. कुणाची पिंपळगावला बाग असते, कुणी वाढदिवसाला केकऐवजी द्राक्षं पाठवतं. भेट चांगलीच आहे. पण दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हातात अख्खा मणी देणं म्हणजे त्याच्या श्वासनलिकेला बरोबर बसणारं बूच देणं. साल चिवट, मणी गुळगुळीत, आणि चावायला दाढा अजून पुरत्या आलेल्या नाहीत. म्हणून मणी उभा चिरून त्याच्या चार फोडी करायच्या. आडव्या चकत्या केल्या तर त्या गोलच राहतात, धोका तसाच. २० मुलं, प्रत्येकी पाच मणी, म्हणजे १०० मणी आणि ४०० फोडी. बाईंनी वर्ग सोडून हे कधी करायचं? मदतनीस लागतो तो इथे.

मदतनीस म्हणून येऊ का, अशी आमच्याकडे चौकशी करणारे बहुतेक लोक ‘मुलांना शिकवायला आवडेल’ असं म्हणतात. शिकवायला बाई आहेत. कमी पडतात ते हात आणि डोळे. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लहान युनिटमध्ये कामाला जाणाऱ्या आया वस्तीतल्या पाळणाघरावरच अवलंबून असतात, कारण पाळणाघराची सोय करण्याचं कायद्याचं बंधन ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच आहे. अशा ठिकाणी एक बाई, एक मावशी आणि खोलीभर मुलं. एकाला शू लागली की उरलेल्यांवरचं लक्ष अर्धं होतं.

नवीन मदतनिसाला सगळ्यात कमी लेखावंसं वाटणारं काम म्हणजे हात धुणं. एक नळ आणि २० मुलांची रांग लावली की पाचव्या मिनिटाला ढकलाढकली, फरशीवर पाणी आणि एक तरी डोकं आपटलेलं. रांग लावूच नये. तीन-तीन मुलं उठवावीत, बाकीची जागेवर बाईंबरोबर गाणं म्हणत बसतील. नळापाशी मदतनिसाने उकिडवं बसायचं, म्हणजे मुलाच्या उंचीला चेहरा येतो आणि बोटांच्या बेचक्या दिसतात. साबण लावल्यावर मिळून वीसपर्यंत आकडे, मग पाणी. आकडे पाठ होतात ते फळ्यापेक्षा इथेच जास्त. पुसायला प्रत्येकाचा वेगळा रुमाल. एकाच टॉवेलवर सगळ्यांची तोंडं पुसली की डोळ्यांची साथ आठवड्यात वर्गभर फिरते. शेवटचं मूल आत गेलं की फरशी लगेच कोरडी करायची. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालवाडीत स्वच्छता हा शिक्षणाचाच भाग होता. ‘हे तर मावशींचं काम’ म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

खाऊच्या वेळी आधी दोनच चमचे वाढावेत, मग मागेल तसं. ताट भरलं की लहान मूल गोंधळतं आणि सांडतं. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की आणि बियांसकट बोरं तर नकोतच. घास अडकून मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं, पाठ थोपटू नये, पाणी पाजू नये. आवाज बंद झाला, रडूही येईना, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा. तरीही अडकलेलंच असेल तर एक वर्षावरच्या मुलाला मागून धरून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेला पाच झटके. वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके देत नाहीत, छातीच्या मध्यावर दाब देतात. कुणीतरी तोवर १०८ लावलेला असावा. दिसत नसताना घशात बोट घालू नये, अडकलेलं आणखी खाली जातं. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हाताने करून पाहावं लागतं. पाळणाघराने पहिल्याच दिवशी ते करून घ्यावं.

चावणं हा दुसरा नेहमीचा प्रसंग. दीड ते अडीच वर्षांत शब्द कमी आणि राग जास्त असतो, म्हणून दात चालतात. आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जायचं, जागा साबण-पाण्याने धुवायची, मग चावणाऱ्याला एकच वाक्य: ‘चावायचं नाही, दुखतं.’ व्याख्यान नको, आणि ‘तूही चाव त्याला’ तर मुळीच नको. वहीत वेळ आणि जागा लिहावी. संध्याकाळी आईला काय झालं ते सांगावं, पण कुणी चावलं ते नाव सांगू नये. वस्तीत त्यावरून भांडणं होतात.

भाषेचंही बोललं पाहिजे. आपल्याकडे अहिराणी, कोकणा, हिंदी, भोजपुरी बोलणारी मुलं एकाच सतरंजीवर बसतात. मूल म्हणतं, ‘माले भूक लागनी.’ उत्साही ताई सांगते, ‘असं नाही, मला भूक लागली म्हण.’ दोन-तीनदा असं झालं की ते मूल ताईशी बोलणंच बंद करतं. ‘भूक लागली? चल, हात धुऊ’ एवढं पुरतं. प्रमाण मराठी कानावर पडते, अपमान होत नाही. तसंच चित्रांचं. ‘हत्ती काढून द्या’ म्हणून मूल कागद पुढे करतं आणि मदतनीस झकास हत्ती काढतो. त्यानंतर ते मूल स्वतः खडू उचलत नाही.

मोजणी मात्र रोज, प्रत्येक उंबऱ्यावर. अंगणात जाताना, परत येताना, झोपायच्या आधी. हजेरी वाचून नव्हे, डोक्यांना बोट लावून. मदतनीस आणि बाई दोघांनी वेगवेगळी मोजावीत आणि आकडा मोठ्याने म्हणावा.

काही नियम अपमानासारखे वाटतात, पण ते सगळ्यांनाच हवेत: पोलिस पडताळणी, मुलाला एकट्याने बंद दाराआड न नेणं, शी-शूच्या वेळी दार उघडं ठेवणं, मोबाइल कपाटात. मुलांचे फोटो मदतनिसाच्या फोनमध्ये जाऊच नयेत. आणि मदतनीस म्हणजे बाईंची बदली नव्हे. त्याच्यावर खोली सोपवून बँकेत जाणारी पाळणाघरंही आहेत, त्यांना हे पत्र वाचून राग आला तर येऊ द्या.

महाविद्यालयांना एक हिशेब सुचवतो. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास द्यायचे असतात. आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, दोन-दोन तास, असे ३० आठवडे भरले की १२०. एकदा येऊन ५० जणांनी फुगे वाटण्यापेक्षा दोघांनी हे करावं. साडेनऊ ते साडेअकरा ही वेळ सर्वांत उपयोगाची. सुती कपडे, कापलेली नखं, बांधलेले केस. काचेच्या बांगड्या आणि सेफ्टी पिना घरी ठेवाव्यात. ताप-सर्दी असेल तर येऊ नये, पण कळवावं. परीक्षेमुळे थांबायचं असेल तर दोन आठवडे आधी बाईंना सांगावं आणि शेवटच्या दिवशी मुलांना तोंडाने सांगून जावं. न सांगता गेलेल्या ताईची मंगळवारी दाराशी उभं राहून वाट बघणारी मुलं असतात, आणि त्यांना काय उत्तर द्यायचं ते बाईंनाही माहीत नसतं.

आपले,
वस्तीतल्या पाळणाघरांत काम करणाऱ्या काही शिक्षिका व मदतनीस, नाशिक