विकत घेतलेलं बंद पडलं, चोरीचं चालत राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात शाळांतल्या संगणकांवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट, मुक्त प्रणाली) घालण्याच्या सूचनेविरुद्ध एका वाचकांचं पत्र आलं होतं. फुकट वस्तूला वाली नसतो, पैसे मोजले की माल खात्रीचा मिळतो, असा त्यांचा सूर होता. पत्र सभ्य होतं, मुद्दाही अगदीच खोटा नाही. पण पैसे मोजून घेतलेल्या खात्रीच्या मालाने माझी जी फजिती केली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं नाव छापू नये ही विनंती. कारण पुढे कळेलच.

मी वाईचा. विश्वकोशाचं गाव, त्यामुळे इथे चहाच्या टपरीवरही ऱ्हस्व-दीर्घ काढणारी माणसं भेटतात आणि छापणाऱ्याला सैल राहता येत नाही. 1984 साली, सोळाव्या वर्षी, मी छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो. समोर केस (खिळ्यांच्या खणांची पेटी), डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, संध्याकाळपर्यंत बोटं काळी. उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायची सवय अजून गेलेली नाही. रुग्णवाहिकेवरची पाटी मला आरशाशिवायच वाचता येते. खिळे मालकाने एकदा घेतले की त्याचे झाले. झिजले की वितळवायला द्यायचे, नवे ओतून आणायचे. फाउंड्रीवाल्याने धंदा बंद केला म्हणून आमच्या केसमधला ‘क’ कधी उठून गेला नाही.

1996 मध्ये मी स्वतःचा संगणक घेतला. त्यावर विंडोज, पानं लावायचं पेजमेकर, चित्रांचं कोरल असं सगळं विक्रेत्यानेच ‘घालून’ दिलं. बिलात त्याची एक ओळही नव्हती आणि मीही विचारली नाही. नाव छापू नका म्हणतो ते यासाठी. तालुक्याच्या गावात सॉफ्टवेअरला वेगळी किंमत असते, हे तेव्हा सांगितलं असतं तर लोक हसले असते. म्हणून मला नेहमी वाटतं, आपल्याकडे मुक्त सॉफ्टवेअरची (ज्याचा मूळ प्रोग्रॅम कोणालाही पाहता, बदलता, वाटता येतो त्याची) लढत विकतच्या सॉफ्टवेअरशी कधी झालीच नाही. ती झाली चोरीच्या सीडीशी. गिऱ्हाइकाच्या लेखी दोन्ही फुकट. मग हात बसलेलं सोडून नवं कोण शिकणार?

एकच गोष्ट मी रीतसर, पावती घेऊन विकत घेतली: मराठी फाँटांचं पॅकेज. त्याला कुलूप होतं म्हणून. काडेपेटीएवढं डोंगल, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं. ते असेल तर मराठी उमटणार, नसेल तर नाही. महिन्याच्या गल्ल्याएवढे पैसे गेले, पण अक्षरं देखणी होती आणि लग्नपत्रिकांचं काम दुप्पट झालं. हे नाकारत नाही.

1999 मध्ये जवळच्या एका गावातल्या निवृत्त गुरुजींनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला. वतनं, विहिरी, यात्रा, प्लेगात ओस पडलेल्या वाड्यांची यादी, पाटलांच्या घरातल्या कागदांच्या नकला, सगळं त्यात होतं. 312 पानं मी स्वतः टाइप केली, पानं लावली, 500 प्रती छापल्या. 2022 मध्ये त्यांची मुलगी आली. गुरुजी गेले होते, प्रती संपल्या होत्या, गावच्या पोरांना पुस्तक हवं होतं. मी ऐटीत म्हणालो, “ताई, माझ्याकडे सीडी आहे. आठ दिवसांत देतो.”

सीडी चालली, हे नशीब. फाइलीही जागच्या जागी होत्या. पण उघडल्यावर पडद्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरं, तुटके कंस आणि पौंडाची चिन्हं. गुरुजींचं गाव त्यात कुठेच नाही. पेजमेकर (तो चोरीचा) मी जपून ठेवलेल्या विंडोज 98 च्या डब्यावर ठणठणीत होता. रीतसर घेतलेलं फाँटांचं पॅकेज मात्र ‘डोंगल सापडत नाही’ म्हणत अडून बसलेलं. डोंगल जागेवरच होतं, आतून मेलं होतं. कंपनीला फोन केला. आवाज नम्र होता. ते पॅकेज आता बंद झालंय, बदली डोंगल मिळत नाही, नवं पॅकेज घेता येईल, पण त्यात जुन्या फाइली उघडतील याची हमी नाही. म्हणजे ज्याचे पैसे दिले नव्हते ते चालत राहिलं आणि ज्याची पावती फायलीत लावून ठेवली होती ते बंद पडलं.

हे का झालं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण यात एकट्या माझ्या कमनशिबाचा प्रश्न नाही. त्या काळच्या फाँटांमध्ये मराठी नावाची गोष्टच नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असायची आणि ती कुठे बसवायची हे ज्याचं तो ठरवायचा. एका कंपनीचा ‘क’ दुसरीकडे ‘ज’ व्हायचा, तिसरीकडे नुसता काना. आमच्या केसमध्येही छापखान्यागणिक खणांची जागा थोडीफार बदलायची, पण खिळा उचलून पाहिला की अक्षर कळायचं. इथे खिळाच कंपनीच्या कुलपात. उलट युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक; त्यात ‘क’चा 2325. तो वाईतही 2325 आणि वॉशिंग्टनलाही. फाँट बदला, संगणक बदला, कंपनी बुडू द्या, मजकूर ‘क’च राहतो.

मग माझा पुतण्या बसला. छापील पुस्तकाची एक प्रत शेजारी ठेवून कुठल्या परदेशी चिन्हामागे कुठलं मराठी अक्षर लपलंय याचा तक्ता केला. जवळजवळ दोनशे जोड्या झाल्या. पायथन नावाच्या संगणकभाषेत (तीही मुक्तच) त्याने छोटा प्रोग्रॅम लिहिला. तक्ता करणं सोपं होतं; जीव काढला तो पहिल्या वेलांटीने आणि रफाराने. जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. रफाराचं नेमकं उलटं: तेव्हा शेवटी, आता आधी. पहिल्या फेरीत ‘वर्ष’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक झाले. सह्याद्रीच्या दऱ्यांमधून एकदम समुद्रात. दोन महिने प्रुफं वाचली.

पुतण्याने तो तक्ता आणि प्रोग्रॅम कोणालाही वापरता येईल असा इंटरनेटवर ठेवून दिला. मला ते पटलं नव्हतं. दोन महिन्यांची मेहनत, निदान शंभर-दोनशे रुपये तरी लावावेत. तीन आठवड्यांनी परभणीच्या एका शिक्षकांचा निरोप आला. त्यांच्याकडे त्याच पॅकेजातले शाळेच्या अंकांचे जुने मजकूर होते. ‘त्र’ आणि ‘श्र’ यांच्यात आमची गफलत झाली होती. ती त्यांनी दुरुस्त करून पाठवली, वर आम्हाला न सापडलेली चार जोडाक्षरंही. मी पुस्तकात शोधलं, तर ‘श्रावण’ सात ठिकाणी चुकला होता. दोनशे रुपये लावले असते तर त्या सात चुका छापून गेल्या असत्या. आमच्या धंद्यात फुकट प्रूफ वाचून देणारा माणूस म्हणजे काय, हे छापणाऱ्यालाच कळेल.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची सुरुवातही छापण्यावरूनच झाली, हे कळल्यावर मला भारी वाटलं. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरचा प्रोग्रॅम बदलून कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मागितला तर मिळाला नाही. 1983 मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअर घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचं लिनक्स आलं. अडकलेला कागद माणसाला कुठवर नेऊ शकतो हे मी ट्रेडल छपाईयंत्रावर पाहिलंय, पण इतक्या लांब नाही.

फुकट वस्तूला वाली नसतो म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. देवनागरीतली जोडाक्षरं पडद्यावर नीट जुळवण्याचं काम, म्हणजे आमचंच कंपोझिटरचं काम, आज बहुतेक ठिकाणी हर्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. नाव फारसी आहे; अर्थ मोकळी अक्षरं, आणि दुसरा अर्थ बडबड्या. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांच्या पोटात तेच आहे. इतकंच काय, ॲडोबीच्या फोटोशॉप आणि इनडिझाइनमध्येही तेच. पत्रलेखक महोदय ज्याचे पैसे मोजतात, त्यातला मराठीचा भाग त्यांना फुकटवाल्यांनीच जुळवून दिलेला असू शकतो. फाँटांचंही तेच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या मंडळींचे मुक्त परवान्याचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ मी पत्रिकांना, फलकांना सर्रास वापरतो. पुस्तकाला ‘तिरो देवनागरी मराठी’ वापरला, कारण त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत, हिंदीच्या नाहीत. गुरुजींना हिंदी वळणाचा ‘श’ चालला नसता.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पत्र म्हणजे जाहिरात होईल. ऑफसेटच्या रंगीत कामाला मुक्त सॉफ्टवेअर अजून पुरं पडत नाही. इंकस्केपमध्ये चित्र झकास होतं, पण चार रंग वेगळे करून प्लेटला पाठवताना घाम फुटतो. पानं लावण्याच्या स्क्रायबसमध्ये कित्येक वर्षं मराठी जोडाक्षरं फुटायची. ज्या पक्क्या आवृत्तीत ती नीट जुळली, ती 1.6, 2024 मध्ये आली. तोवर आमचे केस पांढरे झाले. म्हणून आजही एक संगणक विंडोजचा आहे आणि त्यावर भाड्याचं सॉफ्टवेअर आहे, या वेळी रीतसर. दिवाळी अंकाच्या तोंडावर रात्री अकराला गाडी अडली तर फोन उचलणारं कोणीतरी लागतं, आणि त्याचे पैसे द्यायला माझी ना नाही. शिवाय उघड आहे म्हणून सगळं तपासलेलंच असतं, हाही भ्रम आहे. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधलं हार्टब्लीड हे भोक 2014 मध्ये उघड झालं, त्याआधी दोन वर्षं ते कोणाच्या नजरेस पडलं नव्हतं. 2024 मध्ये एक्सझेड या छोट्या मुक्त प्रोग्रॅममध्ये विश्वास संपादन केलेल्या एकाने चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो पकडला. कोड उघडा होता म्हणून त्यांना मुळापर्यंत जाता आलं हे खरं, पण बंदोबस्त म्हणून ‘कोणाच्या तरी लक्षात येईल’ हे मला पुरेसं वाटत नाही. आणि हे फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये, म्हणजे कोण कुणाच्या बाजूचा हे सांगणंही सोपं नाही.

माझं भांडण किमतीशी नाहीच. किल्ली कोणाकडे, एवढंच विचारतो. पूर्वी सॉफ्टवेअर निदान विकत मिळायचं. 2013 मध्ये ॲडोबीने फोटोशॉप, इनडिझाइनसारख्यांच्या नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायचं ठरवलं आणि भाडं थांबलं की सॉफ्टवेअर थांबतं. जुलै 2025 मध्ये नायरा एनर्जीच्या, म्हणजे गुजरातेत वाडीनारला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या कंपनीच्या, मायक्रोसॉफ्टकडच्या ईमेलसारख्या सेवा युरोपीय निर्बंधांपायी अचानक बंद झाल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पूर्ववत झाल्या. तेलकंपनीला वकील परवडतो. माझ्यासारख्याचं डोंगल मेलं तर मी कोणत्या कोर्टात जाऊ? त्याच ऑक्टोबरच्या 14 तारखेला विंडोज 10 ची नेहमीची देखभाल संपली. माझे दोन धडधाकट संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. त्यांवर लिनक्स मिंट घातलं; आज त्यांच्यावर पावतीपुस्तकं आणि कार्यवृत्तांतं चालू आहेत. टाइप करणारी मुलगी दोन दिवस कुरकुरली, तिसऱ्या दिवशी विसरली.

शाळांचं म्हणाल तर केरळने सरकारी शाळांत हे कधीच करून दाखवलंय. 2015 मध्ये केंद्र सरकारनेही आपल्या कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण आणलं. पण शाळेत कुठलं चिन्ह दाबून संगणक सुरू होतो, याची मला तितकी फिकीर नाही. ग्रंथालयं, साहित्यसंस्था, अनुदान घेणारे प्रकाशक, शताब्दीची स्मरणिका काढणाऱ्या पतसंस्था यांनी छापखान्याकडून छापील प्रतींबरोबर मजकुराची युनिकोड फाइल मागून घ्यावी, कोणत्याही संगणकावर उघडेल अशी. करारात एक ओळ वाढेल. माझ्याकडे गेल्या पंचवीस वर्षांत अशी फाइल तिघांनी मागितली. त्यातल्या दोघांना मी तेव्हा ‘कशाला हवी?’ म्हणून परत पाठवलं होतं.

गुरुजींचं पुस्तक गेल्या वर्षी यात्रेच्या दिवशी पुन्हा निघालं. फाइल त्यांच्या मुलीकडे आहे, ग्रामपंचायतीकडे आहे आणि माझ्याकडे आहे.

शेवटी आपल्यालाच एक विनंती. आपल्या दैनिकाचा 1995 ते 2005 या काळातला मजकूर कोणत्या फाँटात ठेवलाय आणि तो आज उघडतो का, हे एकदा संगणक विभागात विचारून पाहावं. उघडत नसेल तर संकोच करू नये. विंडोज 98 चा डबा माझ्याकडे अजून चालू आहे. डोंगल तेवढं तुम्ही घेऊन या.

आपला,
एक जुना कंपोझिटर
वाई, जि. सातारा