उद्यमनगरची शेड विकायची नाही, बाबा

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

फ्रँचायजीचं, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या नावावर चालवायचं, हॉटेल काढायचं का आणि त्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरातली आपली लेथची शेड विकायची का, हे बोलणं फोनवर होत नाही. बाबा पुढून म्हणतात, "कर की लेका, घाबरतोस काय?" आणि आई मागून म्हणते, "नको रे, असल्या भानगडीत पडू नकोस." दोघांना हो-हो म्हणता म्हणता माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून लिहितोय. ताईला मोठ्यानं वाचायला सांगा, म्हणजे चष्मा कुणी घ्यायचा यावरून वाद नको.

आई, तुला अर्धवटच कळलंय, म्हणून आधी तुझ्यासाठी. पोरांनी खेळायचं आणि मोठ्यांनी खायचं, असं एकाच छपराखालचं हॉटेल. एका बाजूला पिझ्झा, बर्गर, फ्राइज. दुसऱ्या बाजूला बास्केटबॉलचं मशीन, बसून चालवायची खोटी मोटारसायकल, लहानग्यांना उड्या मारायला जाळीतली जागा. नाणी घालायची नाहीत. कार्डात पैसे भरायचे आणि कार्ड मशीनला टेकवायचं. जिंकलं की पॉइंट, आणि पॉइंटांवर काउंटरवरून खेळणं. पन्नास रुपयांच्या बाहुलीसाठी पोरगी तीनशे रुपये खेळते आणि घरी जाताना बापच सगळ्यांना सांगतो की आमची जिंकली. डोकं लावलेला धंदा आहे, यात वाद नाही.

ते डोकं नोलन बुशनेल नावाच्या अमेरिकन माणसाचं. अटारी ही व्हिडिओ गेमची कंपनी काढणाऱ्यांपैकी तो एक. मशीन विकलं की कंपनीला एकदाच पैसे मिळायचे, पण ज्याच्या दुकानात ते ठेवलं त्याच्या पेटीत रोज नाणी पडायची. मग दुकान आपलंच का नको, म्हणून 1977 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजेला त्यानं चक ई. चीज काढलं. पिझ्झाच का निवडला? तर तो भाजायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पोरं आणखी नाणी घालतात. बाबा, जन्मभर दुसऱ्यांचे जॉब करून दिलेत तुम्ही. मशीन बनवणाऱ्यापेक्षा ते चालवणारा जास्त कमावतो, हे तुम्हाला मी काय सांगणार?

फ्रँचायजी विकायला आलेल्या साहेबांनी गोष्ट इथपर्यंतच सांगितली. पुढचं मी वाचलं. 1984 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि दुसऱ्या पिझ्झावाल्यांनी ती घेतली. 2020 च्या जूनमध्ये, कोरोनात, तिच्या चालकांना पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. नाव अजून आहे, दुकानंही आहेत. त्यामुळे ही कल्पनाच खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण दोन्ही वेळा त्या नावाखाली ज्यांचे पैसे अडकले असतील, त्यांच्या जागी उद्या आपण असणार.

आता आपल्याला दिलेल्या कागदाचं बघू. सुरुवातीची फी परत मिळत नाही. रॉयल्टी, म्हणजे त्यांचं नाव वापरायचे पैसे, विक्रीच्या सहा टक्के, जाहिरात निधी दोन टक्के. बाबा, विक्रीच्या, नफ्याच्या नव्हे. समजा महिन्याला दहा लाखांची विक्री झाली. साठ हजार रॉयल्टी, वीस हजार जाहिरात, दोन्हीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 94,400 रुपये. त्या महिन्यात आपण तोट्यात असलो तरी हे द्यायचेच. वर आणखी एक मेख आहे, ती तुमच्या सुनेनं शोधली. हॉटेलच्या बिलावर आपण गिऱ्हाइकाकडून 5 टक्के जीएसटी घेतो, पण त्या दरात इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे भाडं, फर्निचर, रॉयल्टी यांवर भरलेला जीएसटी खाण्याच्या धंद्यापुरता आपल्याच खिशातून जातो. खेळाच्या भागाचं गणित वेगळं, त्याची वही वेगळी ठेवावी लागणार. साहेबांच्या तक्त्यात ही ओळच नव्हती. तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, ते तुमचा सीए बघेल." तिनं बँकेत इतकी वर्षं असले प्रोजेक्ट रिपोर्टच वाचलेत. घरी येऊन चपला काढायच्या आत म्हणाली, "हा रिपोर्ट मी पास केला नसता."

पण तीच दुसऱ्या दिवशी म्हणाली की कोल्हापुरात हे चालेल. आणि गंमत म्हणजे मलाही तसंच वाटतं. गाडीच्या नंबरसाठी लाखभर मोजणारं गाव आहे हे, पोरांच्या वाढदिवसाला हात आखडणार आहे होय? हल्ली नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतो वाढदिवसाचा. पूर्वी घरात केक, चिवडा, सामोसा आणि गल्लीतली पोरं, एवढ्यात भागायचं. आता हॉल घेतात, फुग्यांच्या कमानी करतात, जादूगार बोलावतात. ते सगळं एका छपराखाली मिळालं तर आया सुटकेचा श्वास सोडतील. खाण्याचंही जमेल. मटणाचं हॉटेल काढलं तर सोमवार, गुरुवार, शनिवार आणि अख्खा श्रावण गिऱ्हाइकाची वाट बघावी लागते. पिझ्झाला वार नसतो.

अडचण सोमवार ते शुक्रवारची आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आत, जिल्ह्याची साडेअडतीस लाखांच्या वर. साहेब सारखा जिल्ह्याचा आकडा धरून बोलतात. पण गडहिंग्लजचं किंवा राधानगरीचं कुटुंब रविवारीच येणार, आणि येणार ते आधी अंबाबाईला. मग रंकाळा, मग भेळ, मग कुणाच्या तरी घरी जेवण. त्यातून उरलेल्या वेळावर आपला डाव. मंगळवारी दुपारी तीन वाजता तिथं कोण असेल? पोरं शाळेत, नंतर क्लासला. एसी, दिवे आणि ती मशीनं मात्र चालूच, कारण आत अंधार असला तर दारातला माणूसही परत फिरतो. तुमची सून म्हणते, भिशीच्या बायका आणायच्या, दुपारचं खाणं आणि तंबोला. आई, तुझ्या भिशीतल्या किती जणी एका दुपारला चारशे रुपये देतील, खरं सांग. शाळांच्या सहलीही येतील, पण त्या डिसेंबर-जानेवारीत. जून ते सप्टेंबरचं काय?

आणि जून ते सप्टेंबर म्हटलं की पाणी आलंच. व्हीनस कॉर्नरच्या बाजूला एक तळमजला दाखवला, चांगला मोठा, पार्किंगसह. भाडं ऐकून मी चकित झालो, इतकं कमी. आत गेलो तर नवा रंग दिलेला, पण जिन्याखाली रंगारी पोचलेला नव्हता. तिथं भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला ती तपकिरी रेघ जशीच्या तशी. मालकाला विचारलं तर म्हणाला, "ते एकोणीसचं हाय. असला पूर रोज रोज येतोय व्हय?" दोनच वर्षांनी एकवीसला आलाच की. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना गेलं की इशारा, 43 ला धोका, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. टेबल-खुर्च्या एका रात्रीत वर नेता येतात. जमिनीला बोल्ट मारलेली आणि खाली वायरिंग असलेली पंधरा-वीस मशीनं कशी नेणार? त्या जागेला मी तिथंच नाही म्हटलं.

आता बाबा, तुमच्या सूचनेबद्दल. आपल्याच शेडमध्ये करू, भाडं वाचेल, वर लोखंडी माळा टाकला की जागा दुप्पट. तुम्ही म्हणता तेव्हा सोपं वाटतं, कारण तो माळा तुम्ही स्वतः वेल्ड करून उभा कराल हे मला माहीत आहे. पण 25 मे 2024 ची राजकोटची बातमी तुम्हीच मला वाचून दाखवली होती. सुट्टीतला शनिवार, पत्र्याच्या शेडमधला गेम झोन, आत वेल्डिंगचं काम चालू, फायरची एनओसी नाही. पंचवीसहून जास्त माणसं गेली, त्यात पोरं होती. आपल्या शेडला दार एक, समोरचा बोळ असा की टेम्पो वळवायचा तर दोघांनी मागंपुढं ओरडावं लागतं. तिथं बंब कसा शिरणार? कारखान्याची जागा हॉटेलसाठी वापरायची तर महापालिकेची परवानगी वेगळी, आगीसाठी दुसरा जिना, पाण्याची टाकी, स्प्रिंकलर, आणि दर जानेवारी-जुलैत यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र. कागद कुणीतरी करूनही देईल, तसलेही भेटले. पण रविवारी दीडशे पोरं आत असताना माझ्यानं बाहेर काउंटरवर बसवणार नाही. यावर चर्चा नको.

मशीनांचं थोडं सांगतो, ते तुम्हाला आवडेल. दाजींनी पुण्यात एका मॉलमधलं असलंच सेंटर दाखवलं. सगळे खेळत होते, मी मात्र मशीनांच्या मागं जाऊन बघत होतो. तिथल्या पोरानं हटकलं, मग मी उद्यमनगरचा म्हटल्यावर खुलला. तो कोडोलीचा निघाला! एका हवेच्या हॉकीच्या टेबलावर कापड टाकून ठेवलं होतं. मी विचारलं काय झालं, तर खालच्या ब्लोअरचं बेअरिंग गेलंय. बेअरिंग, बाबा! आपल्याकडं चहा येईपर्यंत बदललं असतं. पण करारात लिहिलंय की पार्ट कंपनीनं मान्य केलेलाच हवा आणि बसवणारा माणूसही त्यांचाच. तो येईपर्यंत टेबल झाकलेलं, आणि भाडं त्या टेबलाखालच्या जागेचंही चालूच. आपल्या कागदातही तेच कलम आहे. ज्या गावात मोटरपंपापासून कास्टिंगपर्यंत सगळं होतं, तिथं मी बेअरिंगसाठी ईमेल पाठवून बसायचं? हे कलम काढा म्हणून मी लिहिलंय. उत्तर आलं, "पॉलिसी आहे."

आणखी एक गोष्ट मागितली होती, या ब्रँडची आजवर कुठली सेंटरं बंद पडली त्यांची यादी. अमेरिकेत फ्रँचायजी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या निदान 14 दिवस आधी एक जाडजूड कागद द्यावाच लागतो, आणि त्यात किती दुकानं उघडली, किती बंद झाली हे लिहावं लागतं. आपल्याकडं फ्रँचायजीसाठी वेगळा कायदाच नाही. 1872 चा करार कायदा आणि तुम्ही ज्यावर सही कराल तो कागद, एवढंच. त्यामुळे मागितलं तर मिळेल, न मागितलं तर कुणी देणार नाही. मी मागितलं. साहेबांनी चालू सेंटरांचा व्हिडिओ पाठवला, गाण्यासकट.

तर माझं ठरलंय ते असं. शेड विकायची नाही, गहाणही टाकायची नाही. बाबा, तुम्ही म्हणता आता लेथवर बसायला पोरं मिळत नाहीत, ते खरंय. पण शेडचा भाग भाड्यानं मागणारे दोघं येऊन गेलेत, आणि त्या भाड्यात तुम्हा दोघांचं औषधपाणी आरामात निघतं. तो पैसा मला पिझ्झ्याच्या भट्टीत घालायचा नाही. तुम्ही देताय म्हणून तर अजिबात नाही. उद्या बुडलं तर तुम्ही चकार शब्द बोलणार नाही, आणि आई दाजींना फोन करून रडेल. दोन्ही मला झेपणार नाही.

पण दार मी लावलेलं नाही. पहिल्या मजल्यावरची जागा, दोन जिने, पूररेषेच्या बाहेर, ताराबाई पार्क किंवा राजारामपुरीच्या वरच्या अंगाला मिळाली, दुरुस्तीचं कलम बदललं, बंद सेंटरांची यादी आली आणि त्यातल्या एखाद्या मालकाशी फोनवर बोलता आलं, तर मी आणि तुमची सून आमच्या दोघांच्या पगारावर बँक देईल तेवढंच कर्ज काढू. तेवढ्यात बसलं तर करू. नाही बसलं, तर ब्रँडशिवाय लहान काहीतरी करता येईल का तेही तिच्या डोक्यात आहे. आठ-दहा साधी मशीनं, आपणच दुरुस्त करायची, आणि पिझ्झाबरोबर आपली कटवडा-मिसळसुद्धा. तिचा उत्साह बघून मला जरा भीतीच वाटते, पण हिशेब तिचाच पक्का असतो, त्यामुळे गप्प बसतो.

तोवर तुमच्याकडं एक काम आहे. तुम्ही पुण्यात आहातच. येत्या मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला, नातवाला घेऊन त्या मॉलमधल्या सेंटरला जा. दाजींना जागा माहीत आहे. आई, तू टेबलं मोज, किती भरलेली आणि किती रिकामी, आणि कोण काय खातंय तेही बघ. बाबा, तुम्ही मशीनं बघा, किती झाकून ठेवलीत. तो कोडोलीचा पोरगा भेटला तर माझं नाव सांगा, त्याला चहा पाजा आणि महिन्याचं लाइट बिल साधारण किती येतं ते काढून घ्या. तुम्हाला सांगेल तो. नातवाच्या कार्डात दोनशेच्या वर भरू नका, ताई ओरडेल.

आईचं गुडघ्याचं तेल दाजींच्या गाडीतून पाठवतोय, सोबत गूळ आणि चटणी. उत्तर फोनवर नको, एकेकानं वेगवेगळं लिहून पाठवा.

तुमचा,
बाळू