घरी पाठवलेले पैसे अडकले तर?

संपादक महाशय,

गोव्यात मालीम, कुटबणच्या मासेमारी जेटीवर, वेर्ण्याच्या फॅक्टऱ्यांत झारखंड, ओडिशा, कर्नाटकातले कितीतरी लोक राबतात आणि पगार झाला की त्यातले बरेच जण मोबाईलच्या दुकानात कॅश देऊन गावी पैसे पाठवतात. परवा म्हापशात बघितलं, एक पोरगा परत परत विचारत होता की आईच्या खात्यात पैसे का पोचले नाहीत, आणि दुकानदाराचं एकच, सर्व्हर डाऊन आहे, उद्या ये. हातात पावतीसुद्धा नाही! फार वाईट वाटलं.

रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, आयएमपीएसने, म्हणजे लगेच पैसे पोचवणाऱ्या बँक सेवेने, पाठवलेले पैसे खात्यातून कटले पण समोर जमा झाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायलाच हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रार न करता. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. पण पावतीच नसेल तर हा गरीब माणूस कशाच्या जोरावर भांडणार?

कामगार खात्याने अशा प्रत्येक दुकानात हे नियम हिंदी, कन्नड, ओडियात लावायला सांगावेत, आणि पावती न देणाऱ्यावर कारवाई व्हावी.

– एक वाचक, म्हापसा