ते मशीन लातूरला कशाला?

संपादक साहेब, रविवारच्या पुरवणीत स्पेस स्टेशनवर लघवीचं पाणी करून पितात तो लेख वाचला, माहिती भारी होती पण शेवटी 'असं मशीन मराठवाड्यात आणा' हे काही पटलं नाही. तिथं कशालाच वजन जाणवत नाही, त्यामुळं गाळ खाली बसत नाही, वाफ अन् पाणी आपोआप वेगळं होत नाही म्हणून लघवी उकळायचा ड्रम फिरवावा लागतो, त्यात अंतराळवीरांची हाडं झिजून कॅल्शियम लघवीत उतरतं आणि 2009 मधे त्याचाच थर साचून मशीन बंद पडलं होतं. 2023 ला 98 टक्के पाणी परत मिळवलं, मान्य. पण आपल्याकडं गाळ फुकटात खाली बसतो की! 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला सांडपाणी निवळून शेतीला देणारा साधा प्लांट पुरे, फक्त तो रोज चालला पाहिजे.

— एक वाचक, लातूर