बाबा, आता विहिरीत उतरायचं नाही

बडोदा

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. लोणच्याची बरणीही न सांडता आली.

विहिरीतल्या नव्या मोटरीचं फोनवर सांगायला लागले की बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहूनच पाठवतेय. हा कागद पॅनलच्या शेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवा.

बाबा, नवी मोटर घ्यायचं माझं कारण एकच होतं. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाने हातात पाण्याचा डबा घेऊन, गंजलेल्या कड्यांवर पाय देत विहिरीत उतरायचं आणि पंपात पाणी भरून तसंच वर यायचं, हे मला बघवत नव्हतं. आई तर तुम्ही वर येईपर्यंत कठड्यापाशी नुसती उभी असते. बोलत काही नाही, एवढंच.

"आजोबांनी पंप उगाच खाली कोनाड्यात बसवला नव्हता," असं तुम्ही म्हणालात, ते खरंच आहे. वर ठेवलेला पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो पाइपातली हवा तेवढी कमी करतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिचा जोर समुद्रकाठीसुद्धा 34 फुटांपुढे चालत नाही. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणजे आपल्याकडे तो 32 च्या आसपास. त्यातून पाइपातलं घर्षण आणि फूट व्हॉल्व्हचा, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या झडपेचा, अडथळा वजा केला की हाती पंचवीस फूट उरले तरी पुष्कळ. मे महिन्यात आपलं पाणी पस्तीसच्याही खाली जातं. त्यामुळे पंप खाली नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि फूट व्हॉल्व्हने पाणी सोडलं की ते पंपात पुन्हा भरायला माणसालाही खाली जावं लागायचं. नवी सबमर्सिबल मोटर पाण्यातच बुडलेली असते. तिला ओढायचं काहीच नाही, फक्त वर ढकलायचं. पाणी भरण्याची कटकट संपली. बिघडली तर दोराने वर काढायची. दोरानेच, केबल धरून नाही! केबल ताणली गेली की जोडात पाणी शिरतं.

मिस्त्रीलासुद्धा आत उतरू देऊ नका. खंडव्याकडे 2025 च्या एप्रिलमध्ये गणगौरीच्या विसर्जनासाठी विहीर साफ करायला उतरलेली आठ माणसं आतल्या विषारी वायूने गेली. आपली विहीर वापरातली आहे, तरी तळाचा गाळ ढवळला की काय बाहेर येईल ते वरून कळत नाही.

आई, तुझी शंका रास्त होती. काही मोटरींमध्ये तेल असतं आणि सील गेलं तर ते विहिरीत उतरतं. देवाच्या पाण्यावर तवंग नको म्हणूनच सियागंजात दोन दुकानं पालथी घालून तेलाऐवजी आत पाणी भरायची मोटर आणली. तुझ्या तांब्याने मिस्त्री तिच्यात पाणी ओतत होता तेव्हा तू वैतागलीस, पण ते पाणी आतल्या बुशांना, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या कड्यांना, वंगणासारखं लागतं. बुडबुडे थांबेपर्यंत तो थेंब थेंब ओतत होता, मधूनच मोटर हलवून कान लावत होता, आणि "अभी हवा है, माताजी," म्हणत होता. इतक्या निगुतीने काम करणारा माणूस हल्ली मिळत नाही. तांब्या मी चिंचेने घासून ठेवलाय.

बोअरला घालतात ती उभी, सडपातळ मोटर स्वस्त मिळत होती, पण ती मी घेतली नाही. बोअरमध्ये पाणी तिच्या अंगावरून वाहतं आणि ती गार राहते. रुंद विहिरीत तसं होत नाही, वेगळी नळी चढवावी लागते. आपली एक हॉर्सपॉवरची आडवी आहे, ओपनवेल म्हणतात ती. गाळ आत जाऊ नये म्हणून तळापासून दोन-तीन फूट वर टांगलीय.

ती कोरडी मात्र चालवायची नाही. मेमध्ये पाणी ओसरलं की पॅनल आपोआप बंद होईल. तसं झालं तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, बाबा, तुमची ती सवय मला माहीत आहे! आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधूनच झिरपतं, हळूहळू. अर्धी टाकी सकाळी भरा, उरलेली संध्याकाळी. "पग पग नीर" ही म्हण माळव्यात बोअर नव्हते तेव्हाची.

आई, पोहरा आणि कप्पी तुझी तशीच आहे. फक्त मोटर चालू असताना पोहरा सोडू नकोस. जुन्या वायरिंगला अर्थिंगच नव्हतं, ते नवीन करून घेतलंय, शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लावलाय. वीज जरा जरी गळली तरी तो पडेल. पडला तर मिस्त्रीला बोलवा, चिमटा लावून चालवू नका. आणि प्यायला नर्मदेचंच पाणी. 1978 पासून ती जलूदहून चढून आपल्या दारी येतेय, दिवसाआड का होईना. जुन्या वस्तीतल्या विहिरीत आजूबाजूचं काय झिरपतं ते कोण बघतंय!

स्लॅबचा विषय मात्र माझ्या लेखी संपलाय. विहिरीवर स्लॅब टाकून स्कूटर ठेवायचं तुमच्या मनात आहे. 30 मार्च 2023 ची रामनवमी आठवा. बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचं छत खचलं आणि 36 माणसं गेली. त्या रात्री तुम्ही टीव्हीसमोरून उठला नव्हता. वरून फरशी दिसते, खाली पोकळी आहे हे दहा वर्षांनी कोणाच्या लक्षात राहणार? लोखंडी जाळीच बसवायची, दोन पाखांची, म्हणजे मोटर काढायला अर्धी उघडता येईल. माप देऊन आलेय. जाळीवरही काही ठेवायचं नाही, तुळशीच्या कुंड्यासुद्धा नाहीत.

जाळी बसली, कुलूप लागलं की मगच मिस्त्रीचे उरलेले पैसे द्या. पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. कुलपाची किल्ली आईकडे राहील. बाबांनी मागितली तरी द्यायची नाही.

तुमची लेक